आरशासारखी धार, पण टोमॅटोवर घसरते

धार लावायला आलेला तो चाकू नुसत्या डोळ्यांना निर्दोष दिसत होता. धारेचा उतार दोन्ही बाजूंनी इतका चकचकीत की त्यात बोट दिसावं. मालकाने १०००, ३००० आणि शेवटी ८००० नंबरचा पाण्याचा दगड (पाणी लावून घासायचा धारेचा दगड; नंबर मोठा तितका कण बारीक) वापरला होता, घाई कुठेच केली नव्हती. तरीही टोमॅटोच्या सालीवर पातं घसरत होतं आणि वर्तमानपत्राचा कागद कापताना मध्येच अडकून फाटत होता.

असा चाकू आला की पहिला संशय कोनावर घ्यायचा. उतारावर मार्करची शाई फासली आणि त्याच ८००० वर हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवला. शाई खांद्यापासून, म्हणजे उतार जिथे सुरू होतो तिथून, धारेपर्यंत सारखी निघाली, म्हणजे कोन बरोबर होता. मग धार वर करून दिव्याखाली धरली. नीट जुळलेली धार प्रकाश परतवत नाही, तिथे काळी रेघ दिसते. इथे तुटक पांढरी रेघ चमकत होती. भिंगातून पाहिल्यावर ती बर निघाली, म्हणजे घासताना धारेवर उरलेली धातूची कड: एका बाजूला कललेली, पन्नीसारखी पातळ. शेवटी पात्याच्या बुडाशी कोरलेलं पोलादाचं नाव वाचलं, एस९०व्ही, आणि सगळा उलगडा झाला.

या पोलादात सुमारे ९ टक्के व्हॅनेडियम असतं. कार्बनशी जुळून त्याचे कार्बाइड कण बनतात आणि ते ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतात. बहुतेक पाण्याच्या दगडांत कापण्याचं काम ॲल्युमिनियम ऑक्साइडच करतं. भरड दगडावर हे फारसं नडत नाही, कारण दगडाचा मोठा कण आजूबाजूच्या पोलादासकट कार्बाइड उखडून नेतो. ८००० वर मात्र कण साधारण १.२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे लहानही आणि कार्बाइडपेक्षा मऊही. तो भोवतालचं पोलाद घासून चमकवतो, पण कार्बाइड कापत नाही. चकाकी येते, बर सुटत नाही. आणि ती काढायला जोर लावला की तीच बर नुसती या बाजूची त्या बाजूला वळते.

अशा पोलादाला बारीक टप्प्यांवर डायमंड किंवा सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड, हिऱ्याखालोखाल कठीण कण) लागतो, तिथे माझ्या मते तडजोड नाही. या चाकूवर रेझिनमध्ये बांधलेला १५ मायक्रॉनचा डायमंड दगड घेतला. एका बाजूने टाचेपासून टोकापर्यंत सलग बर येईपर्यंत, मग दुसऱ्या बाजूने. त्यानंतर ६ मायक्रॉनवर आधीचे ओरखडे थोड्या तिरक्या दिशेने घासले, म्हणजे जुना ओरखडा उरलाच तर भिंगात लगेच ओळखू येतो. बर काढताना दाब जवळजवळ पात्याच्या वजनाइतकाच ठेवला, एक घासणी या बाजूने, एक त्या बाजूने, आणि शेवटच्या काही घासण्यांना कोन दोन अंशांनी वाढवला. बर वाकवत बसण्यापेक्षा ती मुळाशी कापली जाणं महत्त्वाचं. शेवटी १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट लावलेला चामड्याचा पट्टा. मग पातं टोमॅटोच्या सालीत स्वतःच्या वजनाने उतरू लागलं.

दगड निवडताना नंबरवर विसंबू नये, हेही इथेच सांगायला हवं. जपानी मोजणीत १००० म्हणजे सुमारे ११.५ मायक्रॉनचा कण. युरोपच्या एफ मोजणीत १००० म्हणजे सुमारे ४.५, आणि पॉलिश पेपरच्या पी मोजणीत १००० म्हणजे १८ च्या आसपास. आकडा तोच, पण ओरखडे वेगळे. त्यामुळे मायक्रॉन विचारावेत. एका टप्प्यावरून पुढच्यावर जाताना कण साधारण निम्मा ते तिसरा हिस्सा झाला तर काम सुरळीत चालतं. मोठी उडी मारली की बारीक दगडावर तासभर घासूनही तळाचे ओरखडे राहतात.

साध्या कार्बन पोलादाचा चाकू असता तर मी डायमंडला हातही लावला नसता. त्यातले लोह कार्बाइड ॲल्युमिनियम ऑक्साइडला सहज वश होतात, ८००० वर खरी धार येते आणि दगडाचा स्पर्शही हाताला बरंच काही सांगतो. बेल्जियमचा कोटिक्यूल हा नैसर्गिक दगड गार्नेटच्या कणांनी कापतो, अर्कान्सासचा दगड सिलिकाचा. दोन्ही अशाच पोलादावर खुलतात, व्हॅनेडियमवाल्या पोलादावर नुसते सरकतात.

दगड कोणताही असो, तो सपाट हवा. पेन्सिलने चौकडी आखून डायमंड प्लेटवर घासावा, चौकडी सगळीकडे पुसली गेली की झाला सपाट. मॅग्नेशियाने बांधलेला (ज्याचे कण मॅग्नेशियाच्या सिमेंटने धरलेले असतात असा) दगड पाण्यात बुडवून ठेवू नये, त्याला भेगा जातात, वरून पाणी शिंपडलं की पुरे. राहिला पट्टा: दर बाजूला आठ-दहा ओढण्या खूप झाल्या. चामडं दाबलं जातं आणि धारेच्या टोकाला वेढतं, त्याहून जास्त ओढलं की टोक गोल होतं. भाज्यांच्या चाकूसाठी तर मी ६ मायक्रॉनवरच थांबून पट्टा दोन-तीनदाच फिरवतो, साल पकडायला धारेला थोडा खरखरीतपणा उरलेला बरा. लाकूड सरळ दाबून छिलायची पटाशी असेल तर मात्र १ मायक्रॉनपर्यंत जायलाच हवं.