गर्ड म्युलरचे 365 गोल : वही 1974पर्यंत पोचली

बायर्न म्युनिकचा आघाडीवीर गर्ड म्युलर, त्याच्या बुंडेसलिगातल्या (जर्मनीची अव्वल फुटबॉल लीग) गोलांच्या वहीत 1973-74चा हंगाम अखेर बंद झाला. 258 गोल मागे पडले, 107 पुढे आहेत. ही वही बघणाऱ्यांतले बरेच जण स्वतःही कुणा ना कुणाचा असा हिशेब ठेवणारे आहेत, त्यामुळे यावेळी आकड्यांपेक्षा पद्धतीत काय बदललं ते जास्त लिहितो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. गोल जिथून मारला तिथे कागदावर एक ठिपका. आलेखाचा कागद, 2 मिलिमीटरची एक चौकट म्हणजे मैदानावरचा अर्धा मीटर. पेनल्टी बॉक्सची खोली 16.5 मीटर, म्हणजे 33 चौकटी. सिक्स-यार्ड बॉक्स 11 चौकटी. उजव्या पायाचा गोल निळा, डाव्याचा लाल, डोक्याने मारलेला हिरवा. ज्याचं चित्रण मिळालं नाही त्याला ठिपका नाही, फक्त यादीत नोंद.

पहिले हंगाम पटकन उरकले, कारण चित्रण फार तुटपुंजं आहे. 1964मध्ये नॉर्डलिंगनहून बायर्नकडे आलेला हा पोरगा, आणि बायर्न तेव्हा बुंडेसलिगात नव्हतंच. 1963मध्ये लीग सुरू झाली तेव्हा म्युनिकमधून ‘1860 म्युनिक’ या क्लबला घेतलं, बायर्न खालच्या रेगिओनाललिगात राहिलं. प्रशिक्षक चायकोव्हस्की त्याला ‘छोटा जाडा म्युलर’ म्हणायचा आणि सुरुवातीला खेळवायलाही फारसा राजी नव्हता. 1965मध्ये बायर्न वर आलं. मग 15, 28, 19 आणि 30 : पहिल्या चार हंगामांचे हे गोल. 28च्या हंगामात डॉर्टमुंडचा लोथार एमरिशही 28वरच होता, म्हणून ‘सर्वाधिक गोल’चा मान दोघांत वाटला गेला. 30च्या हंगामात, म्हणजे 1968-69मध्ये, तेव्हाचा प्रशिक्षक ब्रांको झेबेकने अख्ख्या लीगमध्ये जेमतेम 13 खेळाडू वापरले आणि लीग व कप दोन्ही जिंकले. त्या वर्षीच्या ठिपक्यांना एक शिस्त दिसते. तेच साथीदार, तेच पास, त्याच जागा.

खरा वेळ गेला तो 1971-72वर. 34 सामने, 40 गोल. संघाचे मिळून 101, जे पुढे कित्येक दशकं कुणाला ओलांडता आले नाहीत. नोव्हेंबर 1971मध्ये डॉर्टमुंडला 11-1 हरवलं, त्यातले 4 म्युलरचे. 40चा आकडा 49 वर्षं टिकला. मे 2021मध्ये बायर्नच्याच लेवांडोव्हस्कीने फ्रायबुर्गविरुद्ध पेनल्टीवर बरोबरी केली आणि जर्सी वर करून आतला म्युलरचा फोटो दाखवला. पुढच्याच आठवड्यात आउग्सबुर्गविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटाला 41वा. तीन महिन्यांनी, 15 ऑगस्टला म्युलर गेला. दोघांपैकी मोठा कोण, या वादात मला रस नाही. लेवांडोव्हस्कीचं ते जर्सी वर करणं मात्र मला मनापासून आवडलं.

आता मुद्द्याची गोष्ट. 1971-72चे ठिपके कागदावर उतरले की चित्र अपेक्षेसारखंच दिसतं : सगळी गर्दी गोलच्या तोंडाशी, बॉक्सबाहेर विरळ. हे बघून कुणीही म्हणेल की हा समोर उभा राहून आयता चेंडू ढकलणारा. पण ठिपका फक्त शेवटचा स्पर्श सांगतो. म्हणून या हंगामापासून एक नवा रकाना घातला : चेंडू त्याच्याकडे येण्याआधी तो कुठे होता. जिथे कॅमेरा आधीपासून त्याच्यावर आहे तिथेच तो भरता येतो. त्या काळचं चित्रण बहुतेक वेळा चेंडूच्या मागे धावतं, त्यामुळे रकाना बऱ्याचदा रिकामा राहतो. पण जिथे भरला गेला तिथे मजा आहे.

ठिपक्याकडे जाणारा बाण बहुतेक वेळा गोलकडून येतो! म्हणजे तो आधी गोलपासून लांब सरकतो. बचावपटू पाठीला चिकटून येतो. मग म्युलर गोलकडे पाठ करूनच चेंडू घेतो आणि तिथल्या तिथे गिरकी मारतो. जाड मांड्या, बुटका बांधा, पार्श्वभाग बचावपटूच्या मांडीला टेकवलेला, आणि वळताना एक पाय खिळ्यासारखा रोवलेला. समोरचा उंच माणूस वळेपर्यंत चेंडू जाळ्यात. साथीदार फ्रान्झ बेकेनबाउअरशी त्याचा वन-टू चालायचा तोही याच जागेवर : फ्रान्झ मागून चेंडू घेऊन येतो, म्युलर भिंतीसारखा एका स्पर्शात परत देतो, आणि तो स्पर्श होईपर्यंत त्याचं दुसरं पाऊल निघालेलं असतं. चित्रण थांबवत थांबवत पाहिलं की हे दुसरं पाऊल स्पष्ट दिसतं.

यातलं सर्वांत देखणं उदाहरण लीगचं नाही, म्हणून ते वहीच्या मागच्या पानांवर आहे. 1974च्या युरोपियन कपचा अंतिम सामना, ब्रसेल्सचं हाइझेल मैदान. 15 मे रोजी अॅटलेटिको माद्रिद जादा वेळेत लुइस आरागोनेसच्या फ्री-किकवर पुढे गेलं, आणि अगदी शेवटच्या क्षणी बायर्नच्या श्वार्झेनबेकने लांबून मारून 1-1 केलं. 17 तारखेला फेरसामना. 4-0, हनेसचे 2 आणि म्युलरचे 2. म्युलरचा पहिला कापेलमानच्या क्रॉसवर, असल्या अवघड कोनातून की कागदावर रेषा ओढली तर गोलची फट जेमतेम उरते. दुसरा गोलरक्षक मिगेल रेइनाच्या डोक्यावरून अलगद लॉब. फक्त टॅप-इन मारणारा म्हणून त्याची ओळख करून देणाऱ्याला हे दोन आधी दाखवावेत. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, 18 मेला, लीगचा शेवटचा सामना ग्लाडबाखविरुद्ध. 0-5 हरले. लीग आधीच खिशात होती, म्हणून चाललं. त्या हंगामात ग्लाडबाखचा हाइन्केस आणि म्युलर दोघेही 30वर संपले.

त्याआधीच्या उन्हाळ्याची एक नोंद समासात आहे. 1973मध्ये स्पेनने परदेशी खेळाडूंना दारं उघडली आणि बार्सिलोनाला म्युलर हवा होता. विश्वचषक तोंडावर असल्याने जर्मन फुटबॉल संघटनेने जाऊ दिलं नाही. बार्सिलोनाने क्रायुफ आणला. म्युलर गेला असता तर ही वही 228वर थांबली असती.

पुढचे हंगाम जास्त अवघड, आणि मला वाटतं जास्त बोलके. 1974-75मध्ये बायर्न लीगमध्ये 10वं, तरी म्युलरचे 23, आणि पॅरिसमध्ये लीड्सविरुद्धच्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात दुसरा गोल त्याचाच. सप्टेंबर 1976चा बोखुमचा सामना, 0-4 वरून 6-5, त्यातले 2 म्युलरचे. 1977-78मध्ये संघ 12वा, आणि हा 24 गोलांसह कोलोनच्या डीटर म्युलरच्या बरोबरीने पुन्हा सर्वांत वर. अडखळणाऱ्या संघात चेंडू कमी येतो. तेव्हा त्याचे बाण लांब होतात का, हे मला बघायचंय. शेवटचा हंगाम 9 गोलांचा. फेब्रुवारी 1979मध्ये फ्रँकफर्टला प्रशिक्षक चेर्नाईने त्याला सामना संपत आला असताना बाहेर बोलावलं, आणि बायर्नशी नातं तिथेच तुटलं. तिथून तो फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सकडे गेला. अमेरिकेच्या लीगमध्ये ऑफसाइडची रेषा मधल्या रेषेऐवजी गोलपासून 35 यार्डांवर होती, त्यामुळे त्या गोलांसाठी कागद नव्याने आखावा लागेल.

दोन गोष्टींत मदत हवी. 1970-71च्या 22 गोलांपैकी बऱ्याच गोलांचं मला फक्त शेवटच्या स्पर्शाचं चित्रण मिळालंय. कुणाकडे त्या हंगामातले सामने जरा लांब तुकड्यांत असतील तर कळवा. आणि अमेरिकेतला काळ कुणी नोंदवला असेल तर 35 यार्डांची रेषा कागदावर कशी दाखवली ते सांगा. मी तूर्त ठिपक्यांची रेघ धरून चाललोय. पुढची नोंद 1974-75 पूर्ण झाल्यावर.