किल्ली साहेबांपाशी असते तेव्हा टिपणं कशी घ्यावी

वऱ्हाडातल्या कापूस बाजारावर शोधनिबंध लिहायला घेतला, तेव्हा छापील पुस्तकांचा काही त्रास झाला नाही. कारंज्याला १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला, एवढं कुठंही सापडतं. मला हवे होते बाजाराचे जुने अहवाल, आणि ते होते एका कार्यालयाच्या लोखंडी कपाटात.

"ताई, किल्ली साहेबापाशी हाये." साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला साहेब भेटले, तर म्हणे मार्गदर्शकांचं पत्र आणा. पत्र नेलं, तर त्यावर जावक क्रमांक नाही. तोही घालून आणला तेव्हा कपाट उघडलं. पण झेरॉक्स नाही, मोबाईलनं फोटो नाही. "नियम हाये." लेखी नियम कुणीच दाखवला नाही. जेवणाच्या सुट्टीत कपाट पुन्हा बंद, आणि गावाकडची शेवटची एसटी चुकवून चालत नाही. कास्तकाराच्या मालाच्या बाजाराचे कागद, आणि ते वाचायला कास्तकाराच्याच पोरीला एवढं झुलवायचं? अजून राग जात नाही.

कपाट पुन्हा उघडेलच असं नाही, म्हणून मी आधी अहवालाचं नाव, वर्ष, पान लिहायची, मग मजकूर. एका कार्डावर एकच मुद्दा. जसंच्या तसं उतरवलेलं अवतरणचिन्हात, माझ्या शब्दांतलं साधं, मनात आलेली शंका चौकोनी कंसात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांवर गेलं की प्रकरण वाढतं. कुठलं वाक्य कुणाचं, हे टिपणातच दिसायला हवं.

पेन्सिलच न्या. पानं इतकी ठिसूळ, की उलटताना बोटांना तांबूस भुकटी लागते; त्यावर शाई सांडली तर संपलंच. आणि हो, आकड्याशेजारी एकक लिहाच. मुंबईच्या कापूस व्यवहारात खंडी ७८४ पौंडांची, पण दुसरीकडची खंडी तेवढीच असेल असं धरू नका.

निबंध तपासणाऱ्यांनी एका आकड्याचा आधार मागितला, तेव्हा मी कार्ड काढून लगेच पान क्रमांक कळवला. फार बरं वाटलं.

पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. नंतर बाबू बदलले, तेव्हा तीच पोच दाखवून मला कपाट उघडून मिळालं.