ताम्हिणी ते गुहागर: कॅम्परमधल्या कपाटांची परीक्षा

पावसाळा संपता संपता टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर (आत राहायची सोय केलेली गाडी) घेऊन पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी असं करत गुहागर गाठलं. या वाटेवर गाडीतल्या फर्निचरचे दोन वैरी: आधी घाटातले हादरे, मग खारी हवा.

ताम्हिणीच्या वळणांवर कडीचा कस लागतो. सॉफ्ट-क्लोज बिजागरी आणि मॅग्नेट घरी ठीक आहेत. गाडीत डबे भरलेला ड्रॉवर त्यांना जुमानत नाही. आम्ही सगळीकडे दाबून लॉक होणारी पुश-बटण लॅच लावली आहेत, ती घाटभर जागची हलली नाहीत. वरच्या कपाटांना गॅस पंप (झाकण उचलून धरणारा दांडा) असेल तर लॅच हवंच, कारण खड्ड्यात झाकण जरासं उचललं की पुढचं काम पंपच करतो. बागमांडला-वेश्वी फेरीबोटीला ओहोटीच्या वेळी उतार बराच वाढतो. गाडी चढवण्याआधी सगळ्या कड्या हाताने दाबून पाहा.

सोबतच्या गाडीत पार्टिकल बोर्डची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्यांची) तयार कपाटं होती. केळशीपर्यंत सिंकखालच्या कडा फुगल्या आणि बिजागरीचे स्क्रू भुशासकट निघून आले. आमचा सांगाडा आयएस ७१० मरीन प्लायचा (पाण्यात टिकणारं प्लायवुड, आयएस ७१० हे त्याचं भारतीय मानक), १२ मिमीचा. १८ मिमी घेतलं तर वजन दीडपट, आणि ते प्रत्येक चढावर इंजिनाला ओढावं लागतं. मात्र नेहमीच्या कप बिजागरीला ३५ मिमी व्यासाचा खोल खड्डा लागतो, तो १२ मिमीच्या दारात नीट बसत नाही. तिथे स्टीलची पियानो बिजागरी (दाराच्या पूर्ण लांबीची पट्टी) लावा, भार सगळ्या लांबीवर वाटला जातो. प्लायची प्रत्येक कापलेली कड, मागची आणि पाइपासाठी पाडलेल्या भोकांचीसुद्धा, सील करून घ्या. सुतार हेच टाळतात, आणि पाणी तिथूनच शिरतं.

किनाऱ्यावर झिंक प्लेटिंगचे स्क्रू लवकर गंजतात. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील चालतं, ३१६ त्याहून सरस. दुकानात लोहचुंबक लावून खात्री करू नका. स्वस्त २०२ ग्रेडलाही तो चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा. सनमायका साधा घ्या, पण स्क्रूंच्या बाबतीत हात आखडू नका.

सांगाडा गाडीच्या पत्र्याला नव्हे, रिबला (पत्र्यामागच्या जाड आधारपट्टीला) बोल्टने बांधा आणि हादऱ्यांनी सैल न होणारे नायलॉक नट वापरा. दिवेआगरला पोचल्यावर सगळे स्क्रू एकदा आवळा. मुक्कामी गोड्या पाण्याचं फडकं बिजागऱ्यांवरून फिरवून त्या कोरड्या करा. पुढे गणपतीपुळ्याला तवसाळ-जयगड फेरीबोटीने जाणार असाल, तर गुहागर सोडण्यापूर्वी हे सगळं पुन्हा करा.