तंबोऱ्याची घोडी आणि इराणचे गाढव

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे पारंपरिक पत्ते, रंगवणाऱ्या कारागिरांजवळ बसून मी अनेकदा त्यांचा हात न्याहाळला आहे. दशावतारी संचाच्या १२० पानांवर मासा, कासव, वराह उमटतात, वरून लाखेचा हात फिरतो आणि रंग आतून उजळल्यासारखे दिसू लागतात. ‘गंजिफा’ हा शब्दच फारसीतून आलेला असल्यामुळे इराणी वाद्यांवरचे पशुपक्षी पाहताना मला ते परके वाटत नाहीत.

काजार राजवटीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १९२५ पर्यंत, इराणमध्ये ‘गुल-ओ-मोर्ग’ अर्थात फूल आणि पक्षी या चित्रशैलीला मोठा बहर आला. कलमदाने आणि पुस्तकांचे पुठ्ठे यांवर गुलाबाकडे मान वळवून बसलेला बुलबुल रोगणाखाली चमकू लागला, आणि तोच पक्षी काही वाद्यांच्या लाकडावरही उतरला. फारसी काव्यातला बुलबुल गुलाबासाठी रात्रंदिवस आळवणी करतो. तेव्हा वाद्यावर तो निव्वळ शोभेसाठी आला असे मी मानत नाही.

मात्र मला त्याहून भावतात ते न रंगवलेले प्राणी. ‘तार’ या इराणी वाद्याचा तुंबा तुतीच्या लाकडातून दोन वाट्या जोडल्यासारखा कोरतात आणि त्यावर कोकराचे पातळ कातडे ताणतात. त्या कातड्यावर उभ्या राहून तारा पेलणाऱ्या इवल्या तुकड्याला फारसीत ‘खरक’, म्हणजे छोटे गाढव, म्हणतात. संतूरच्या ७२ तारांखाली अशी १८ गाढवे दोन रांगांत उभी असतात. आणि आपण तंबोऱ्याच्या त्याच भागाला काय म्हणतो? घोडी! भार वाहणाऱ्या जनावराचेच नाव दोन्हीकडच्या कारागिरांना सुचले, याचा मला मनापासून आनंद होतो.

आमच्या घरच्या तंबोऱ्यात घोडीच्या खालच्या अंगाला, तारेत ओवलेला हस्तिदंती रंगाचा एक मणी आहे. त्याला हंसाचा आकार दिलेला असून वर्षानुवर्षे बोटे लागून त्याची चोच झिजली आहे. पावसाळ्यात दमट हवेने स्वर हलला की वडील खुंटीला हात न लावता तो हंस तांदळाच्या दाण्याएवढा खाली सरकवत, मान कलती करून ऐकत, आणि षड्ज जुळला की डोळे मिटत.