पेलोप्सच्या बेटावर

ऑलिम्पिया, रात्री साडेदहा

आज खरं तर डेल्फीला जायचं होतं. अथेन्समधून बाहेर पडताना फाटा चुकला, पाटीवर कोरिंथ दिसलं आणि नवरा म्हणाला, "राहू दे, आता इकडेच जाऊ." बुकिंग कुठलंच नव्हतं, त्यामुळे अडलंही काही नाही.

१८९३ साली खुला झालेला कोरिंथचा कालवा ओलांडला. पुलावरून वाकून पाहिलं तर दोन ताशीव कड्यांच्या मधोमध निळ्या पाण्याची चिंचोळी पट्टी. पलीकडे ग्रीसचा दक्षिण भाग, पेलोपोनीज, म्हणजे ग्रीक पुराणातल्या पेलोप्सचं बेट. त्याची कथा गाडीत वाचत होते आणि मध्येच थांबले. बापाने, टँटलसने, देवांची परीक्षा बघायला पोटचा पोर कापून, शिजवून त्यांच्या ताटात वाढला. अगं बाई, हा तर आपला चिलया बाळ! फक्त आपल्याकडे परीक्षा शंकर घेतो आणि उखळापाशी चांगुणा उभी असते. डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही, ही अट. आजी ते गाणं म्हणायची तेव्हा तिचाच आवाज फुटायचा.

इथे सगळ्या देवांनी ताट ओळखलं आणि हात आखडले. एकटी डेमीटर, धान्याची देवी, जेवली. तिची लेक पाताळात पळवून नेलेली, तिचं कशात लक्षच नव्हतं. खांद्याचा घास गेला. देवांनी पोराला जिवंत केलं तेव्हा त्या जागी हस्तिदंताचा खांदा बसवला. लेकीसाठी झुरणाऱ्या आईच्याच हातून हे व्हावं, याने मला दिवसभर सोडलं नाही.

दुपारी मायसीनी या प्राचीन नगरीचे अवशेष. पेलोप्सच्या मुलाचं, ॲट्रियसचं नाव चिकटलेली घुमटाकार कबर सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. दारावरची आतली शिळाच १२० टनांच्या आसपास. आत काळोख, गारवा, आणि पाऊल टाकलं की आवाज माथ्यापर्यंत चढतो. या ॲट्रियसनेही सख्ख्या भावाला त्याचीच मुलं जेवणात वाढली. मला तिथे फार वेळ थांबवेना.

मग त्रिपोलीवरून घाटाघाटाने, कड्याला लटकलेलं लांगाडिया गाव मागे टाकत इथे. झ्यूसच्या देवळाचे खांब भूकंपात पडलेले, चकत्या जशा घसरल्या तशाच एकीवर एक रेललेल्या. शेजारी पेलोप्सचं ठाणं: गवताचा उंचवटा आणि चार दगड. पूर्वी इथे त्याला काळा मेंढा देत असत. मी गवतावर हात ठेवून बसून राहिले. आजीचं गाणं आठवत होते, पण दोन ओळींपुढे शब्द येईनात.

उद्या सकाळी आईला फोन करून ते सगळं लिहून घ्यायचं.