स्नोमोबाइलवर बसून बर्फ कळत नाही

खोल, भुसभुशीत बर्फातला उभा चढ स्नोमोबाइलने, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या इंजिनाच्या गाडीने, चढायला हात बसेपर्यंत पूर्वी कित्येक हिवाळे जायचे. आता ८५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, कारखान्यातूनच बसवून आलेला टर्बो, १६५ इंची ट्रॅक (गाडीखाली फिरणारा पट्टा) आणि त्याला ३ इंचांचे दात असले, की नवखाही थ्रॉटल दाबून तिथे पोचतो. आणि ३० ते ४५ अंशांचे हे उतारच हिमस्खलनाला सगळ्यात पोषक. गाडी हाकण्याचं निम्मं काम यंत्राने उचललं, उतार ओळखण्याचं काम मात्र तुमच्याकडेच राहिलं.

स्कीवाल्याला पायाखालचा कमकुवत थर बसल्याचा 'धप्प' आवाज ऐकू येतो. इंजिनाच्या गोंगाटात तो बुडतो. म्हणून सपाट, सुरक्षित जागी गाडी बंद करून खाली उतराच. प्रोब, म्हणजे बर्फात खुपसायची लांब घडीची काठी, हळूहळू खाली ढकला. टणक थरानंतर तो एकदम सैल सुटला, तर खाली कमकुवत थर आहे असं धरा. फोनवरच्या नकाशातल्या उताराच्या रंगांवर विसंबू नका. छोटे उभे टप्पे त्यात दिसतच नाहीत. शिवाय तुम्ही २० अंशांवर उभे असाल, पण डोक्यावरचा उतार ३८ अंशांचा असेल, तर तो सुटून तुमच्यावरच येणार.

बीकन, म्हणजे गाडलेल्या माणसाला शोधण्यासाठी सिग्नल सोडणारं आणि पकडणारं यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर चालतो. फोन, जीपीएस, बॅटरीवर तापणारे हातमोजे त्याच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करतात. एरवी ही उपकरणं त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब ठेवा, शोध घेताना ५० सेंटिमीटर. शोधाच्या वेळी गाड्यांची इंजिनंही बंद हवीत. बीकन अंगावर, फावडं आणि प्रोब पाठीवरच्या सॅकमध्ये. गाडीवरच्या बॅगेत ठेवलेलं फावडं गाडीबरोबरच गाडलं जातं, ही चूक अजूनही सर्रास दिसते आणि ती जिवावर बेतते.

एअरबॅगची (हिमस्खलनात फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवायला मदत करणाऱ्या सॅकची) मूठ डाव्या हाताला सापडेल अशी लावा, कारण उजवा अंगठा थ्रॉटलवर लागतो. तिचा मांडीचा पट्टा आवळलेला हवा. घळीत किंवा झाडांमध्ये मात्र एअरबॅगचा फारसा उपयोग होत नाही.

सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र) जवळ हवाच, पण त्यावरून बोलावलेली मदत यायला बहुतेक वेळा तास लागतात, आणि गाडलेल्या माणसाच्या हातात १०-१५ मिनिटं असतात. म्हणजे खरी मदत सोबत्यांचीच. उतारावर एका वेळी एकच गाडी. कोणी वर अडकला तर दुसऱ्याने मदतीला चढायचं नाही. सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच. बाकीच्यांनी हिमस्खलन पोचणार नाही इतक्या लांब थांबायचं, गाड्यांची तोंडं बाहेरच्या वाटेकडे करून, नजर वर चढणाऱ्यावर ठेवून.

प्रोब माणसाला लागला की तो उपसू नका, तिथेच राहू द्या. गाडलेल्या माणसाच्या वर उभं राहून खणू नका. तो जितका खोल, त्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आडवं आत खणत या.