काकांची फ्रिगेट

फोंड्याच्या आमच्या घरात माडीवर शिडाच्या जहाजाचं एक जुनं तैलचित्र आहे. सही नाही, साल नाही. ही दमणला बांधलेली, 1843 साली पाण्यात उतरलेली ‘दों फेर्नांदु’ फ्रिगेट, म्हणजे शिडाची लढाऊ नौका, असं काका छातीठोकपणे सांगत आणि तोफा बोटानं मोजून दाखवत. चतुर्थीआधीच्या साफसफाईत चित्र खाली उतरलं, तेव्हा भिंग घेऊन बसलो.

समुद्र पाहून हसूच येतं. लाटा माशाच्या खवल्यांसारख्या, एका मापाच्या. शिडं वाऱ्यानं पुढे फुगलेली आणि बावटे मात्र मागे फडफडताहेत! दोर पाहा, तर एकेक जागच्या जागी. अशी चित्रं बंदरातले चित्रकार बऱ्याचदा कप्तानांसाठी काढत. हे गिऱ्हाईक लाटांकडे काणाडोळा करील, दोर मात्र तपासून घेईल. म्हणून मीही दोर आणि काठ्याच धरून चाललो.

डोलकाठ्या तीन, पण शेवटचीवर चौकोनी शिडांच्या आडव्या काठ्या नाहीत. म्हणजे ही बार्क. फ्रिगेटच्या तिन्ही डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं असतात. मग तोफा? त्या पांढऱ्या पट्ट्यावर रंगवलेल्या काळ्या चौकटी निघाल्या. दुरून लढाऊ भासावं म्हणून व्यापारी जहाजं असा रंग देत. पुढे ती नुसती फॅशन झाली. हे काकांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं.

साल काढायला टॉपसेल, म्हणजे डोलकाठीवरचं खालून दुसरं चौकोनी शीड, कामी आलं. पूर्वी हे एकच अवाढव्य शीड असे आणि वादळात ते आवरताना खलाशांचा जीव जाई. 1850 नंतरच्या दशकांत त्याचे वर-खाली दोन भाग करायची पद्धत रुळली. आमच्या चित्रात दोन आहेत. मागचा बावटा निळा-पांढरा, मुकुटाचा, म्हणजे 1910 मध्ये पोर्तुगालची राजेशाही जाण्याआधीचा.

जहाजाचं नाव सांगणारे चार छोटे बावटेही आहेत. ही पद्धत जहाजांनी बावट्यांनी खुणा कशा करायच्या ते सांगणाऱ्या 1857 च्या संकेतपुस्तकाची. त्यात 18 बावटे, प्रत्येक बावटा एका रोमन व्यंजनाचा; स्वर 1901 मध्ये आले. तीन अक्षरं जुळली, चौथ्याचा रंग उडालाय. त्यामुळे नाव राहिलं.

चौकटीला चिठ्ठी बांधली: ‘पोर्तुगीज बार्क, 1857 ते 1910’. खाली ‘काकांच्या मते फ्रिगेट’ हेही लिहावं लागलं.